कार्टून आणि प्रौढ प्रेक्षक

कार्टून किंवा ॲनिमेशनपट हा बोलचालीत लहान मुलांच्या करमणुकीचा प्रकार समजला जातो. तथापि या माध्यमाचा आरंभ सर्व वयोगटांच्या प्रेक्षकांसमोर झाला आणि प्रौढांनी ते पाहणे कधीच पूर्णपणे थांबवले नाही. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांच्या १९१५ मधील प्रयोगापासून चित्रपटगृहांतील सरकारी लघुपट, दूरदर्शनवरील मालिका आणि अलीकडील पूर्ण लांबीचे ॲनिमेशनपट येथपर्यंत प्रौढ प्रेक्षकांची उपस्थिती दिसते. ‘कार्टून म्हणजे मुलांचे’ ही समजूत चित्रप्रकारातून निर्माण झालेली नसून ती मुख्यतः दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकातून आणि स्वतंत्र बालवाहिन्यांमुळे रूढ झाली.

संज्ञा

इंग्रजीतील ‘कार्टून’ या एकाच शब्दाने स्थिर व्यंगचित्र आणि हलते चित्र या दोहोंचा बोध होतो. मराठीत मात्र या दोन अर्थांची विभागणी झाली आहे. कागदावरील चित्राला ‘व्यंगचित्र’ म्हणतात, तर पडद्यावर हलणाऱ्या चित्राला ‘कार्टून’ म्हणतात. शास्त्रीय लेखनात ‘ॲनिमेशन’साठी ‘सचेतनीकरण’ हा पर्यायही वापरला जातो. बोलीभाषेत विक्षिप्त किंवा हास्यास्पद वागणाऱ्या व्यक्तीलाही ‘कार्टून’ म्हणण्याची पद्धत आहे.

या विभागणीबरोबर प्रतिष्ठेतही फरक पडला. व्यंगचित्र हे मराठी समाजात आरंभापासून प्रौढांचे वाचन मानले गेले. बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये सुरू केलेले ‘मार्मिक’ हे साप्ताहिक, आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’, शि. द. फडणीस यांची शब्दविरहित हास्यचित्रे आणि दिवाळी अंकांतील चित्रमाला यांचा वाचक मोठ्या वयाचा होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेली ‘चिंटू’ ही चित्रमालिका एका लहान मुलाविषयी असली, तरी ती दैनिक वृत्तपत्रात, म्हणजे घरातील मोठ्यांच्या हाती प्रथम पडणाऱ्या जागी प्रसिद्ध होत असे. व्यंगचित्र वाचणाऱ्या प्रौढाला कोणी पोरकट म्हणत नाही. तेच चित्र हलू लागले की मात्र ते मुलांचे समजले जाते.

आरंभीचा काळ

युरोप-अमेरिकेत एमिल कोल यांचा ‘फँटास्मागोरी’ (१९०८) आणि विन्सर मॅके यांचा ‘गर्टी द डायनासोर’ (१९१४) हे आरंभीचे ॲनिमेशनपट सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी होते. मॅके यांनी आपला चित्रपट विविधरंगी कार्यक्रमांच्या रंगमंचावर स्वतः उभे राहून सादर केला. ‘टॉम अँड जेरी’ ही विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची १९४० मध्ये सुरू झालेली लघुपटमालाही मूळ चित्रपटगृहांसाठीच तयार झाली होती. मुख्य चित्रपटाआधी ती दाखवली जात असे आणि तिला एकूण सात ऑस्कर पुरस्कार मिळाले.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. काड्यापेटीतील काड्या थोड्या थोड्या हलवून प्रत्येक स्थितीचे स्वतंत्र चित्रण केल्यामुळे पडद्यावर त्या स्वतःहून हलत असल्याचा भास होतो, हे त्याचे तंत्र होते. तत्पूर्वी एका रोपाची वाढ ठरावीक अंतराने चित्रित करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हे चित्रण केले होते. चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल मिळवण्याच्या खटपटीत त्याचा उपयोग झाला. म्हणजे या चित्रणाचा एक प्रेक्षक पैसे गुंतवू पाहणारा प्रौढ मनुष्य होता. पुढे प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये रघुनाथ केळकर यांचा ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला.

चित्रपटगृहांतील सरकारी लघुपट

केंद्र सरकारने १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. १९५६ मध्ये तिच्या अंतर्गत कार्टून चित्रपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. डिस्नेच्या चित्रपटांवर काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये जातककथेवर आधारित ‘द बन्यान डिअर’ हा लघुपट तयार झाला. या विभागातून पुढे आलेल्या राम मोहन यांनी १९७२ मध्ये लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांवर ‘यू सेड इट’ हा लघुपट केला. वर्तमानपत्रातील राजकीय व्यंगचित्र पडद्यावर हलते झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

त्या काळी चित्रपटगृहांना परवान्याच्या अटींनुसार मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवावे लागत. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होत. त्यामुळे मुंबई-पुण्याबाहेरच्या तालुक्याच्या गावीही, तिकीट काढून मुख्य चित्रपटासाठी आलेल्या प्रौढ प्रेक्षकासमोर कार्टून येत असे. कुटुंबनियोजनासारखे विषय या माध्यमातून मांडले गेले; असा विषय मुलांसाठी नव्हता हे उघड आहे. निरक्षर प्रौढापर्यंत पोहोचण्यासाठी चित्र उपयोगी पडते, ही त्यामागील भूमिका होती.

व्यावसायिक आणि कलात्मक चित्रपटांनीही या तंत्राचा प्रौढांसाठी उपयोग केला. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ (१९६९) आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या चित्रपटांतील ॲनिमेशनचे भाग राम मोहन यांनी केले होते. राय यांच्या चित्रपटात अवधच्या राजकारणाचा गुंतागुंतीचा इतिहास काही मिनिटांच्या उपहासात्मक चित्रांतून सांगितला आहे.

‘मुलांचा कार्यक्रम’ ही ओळख

अमेरिकेत ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही मालिका ३० सप्टेंबर १९६० पासून रात्रीच्या मुख्य वेळेत, मोठ्यांसह संपूर्ण कुटुंबासाठी प्रसारित झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील वाहिन्यांनी शनिवारची सकाळ मुलांच्या कार्टूनसाठी राखून ठेवली. कमी खर्चात तयार झालेल्या मालिका आणि त्यांना जोडलेल्या खेळणी-खाद्यपदार्थांच्या जाहिराती यांमुळे कार्टूनची सांगड बालप्रेक्षकांशी घट्ट झाली.

भारतात ही प्रक्रिया उशिरा घडली. विजया मुळे यांची निर्मिती आणि भीमसैन यांचे ॲनिमेशन असलेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा शैक्षणिक लघुपट दूरदर्शनवर वारंवार दाखवला गेला. १९९३ मध्ये ‘द जंगल बुक’ ही जपानी मालिका हिंदी रूपांतरासह रविवारी सकाळी प्रसारित झाली. तिचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले होते आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज होता. घरात एकच दूरचित्रवाणी संच आणि एकच वाहिनी असल्यामुळे तेव्हा मुले व मोठी माणसे एकत्रच कार्यक्रम पाहत. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि त्यानंतर बालवाहिन्यांची संख्या वाढली. वाहिनीच वेगळी झाल्यावर प्रेक्षकही वेगळा झाला.

‘शिन-चॅन’ या मालिकेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. योशितो उसुई यांची ही चित्रकथा जपानमध्ये १९९० पासून प्रौढ वाचकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध होत होती. भारतात २००६ मध्ये ती बालवाहिनीवर आली. पालकांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यावर बंदी घातली आणि पुढे काटछाट करून ती पुन्हा दाखवण्यात आली. मोठ्यांसाठी लिहिलेला विनोद केवळ चित्ररूपात असल्यामुळे मुलांचा समजला गेला, हे या वादाचे एक मूळ होते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यातील संदर्भ

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ असून त्यांपैकी सुमारे चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहतात. मराठीबरोबरच गोरमाटी (बंजारा), गोंडी, कोलामी, उर्दू आणि तेलुगू या भाषा जिल्ह्यात बोलल्या जातात. अशा बहुभाषिक प्रदेशात कार्टूनच्या प्रसाराचे दोन पैलू लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला पैलू शब्दांविना समजणाऱ्या कथेचा. ‘टॉम अँड जेरी’सारख्या मालिकेत संवाद जवळजवळ नसतात, पाठलाग, फजिती आणि सूड यांचा अर्थ हालचाल व संगीत यांतूनच कळतो. त्यामुळे ती पाहण्यासाठी अक्षरओळख किंवा विशिष्ट भाषा लागत नाही. घरातील आजी आणि नातू यांना एकाच वेळी, एकाच जागी हसू येऊ शकेल असे कार्यक्रम थोडे असतात. त्यांत या मालिकेचा समावेश होतो.

दुसरा पैलू भाषेचा. संवादप्रधान परदेशी मालिका या भागात प्रामुख्याने हिंदीतून पोहोचल्या. त्यामुळे ग्रामीण मराठी, गोरमाटी किंवा कोलामी भाषक कुटुंबांत कार्टूनची भाषा आणि घराची भाषा वेगळी राहिली. मूळ मराठीत, प्रौढांच्या अनुभवविश्वावर आधारलेली ॲनिमेशनची निर्मिती अल्प आहे. शेती, कर्ज, स्थलांतर यांसारखे विषय मराठी कथा-कवितेत आणि चित्रपटात विपुल आले. ॲनिमेशनमध्ये ते क्वचितच दिसतात. माध्यम मुलांचे ठरले की त्यातून मोठ्यांचे प्रश्न मांडण्याची शक्यताही संकुचित होते.

प्रौढांच्या आवडीची कारणे

स्मृतिरंजन हे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण आहे. बालपणी पाहिलेल्या मालिकेचे शीर्षकगीत ऐकताच त्या काळातील घर, माणसे आणि सुटीचा दिवस आठवतो. राम मोहन आणि युगो साको यांच्या सहभागातून तयार झालेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा १९९२ चा भारत-जपान सहनिर्मितीचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत नव्याने प्रदर्शित झाला. तो दूरचित्रवाणीवर पाहिलेली पिढी आता प्रौढ झालेली होती.

मात्र स्मृतिरंजन हे एकमेव कारण नाही. अनेक ॲनिमेशनपटांत अर्थाचे दोन स्तर असतात: मुलाला घसरून पडणारे पात्र दिसते, तर मोठ्याला त्यामागील उपहास कळतो. लहानपणी पाहिलेली कथा पुन्हा पाहताना सहानुभूतीची दिशाही बदलते. नोबिताच्या खोडीत रमलेला मुलगा मोठेपणी ‘डोरेमॉन’ पाहतो, तेव्हा त्याला रागावणाऱ्या आईची बाजू दिसू लागते.

चित्राचे सोपेपणही महत्त्वाचे आहे. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, चेहरा जितका साधा रेखाटलेला तितका पाहणारा स्वतःला त्यात सहज पाहू शकतो. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी डिस्नेच्या चित्रपटांवर लिहिताना कोणताही आकार धारण करू शकणाऱ्या रेषेच्या स्वातंत्र्यात त्यांचे आकर्षण शोधले. याशिवाय कथा लहान असणे आणि तिचा शेवट बहुधा निश्चित असणे यामुळे दिवसभराच्या श्रमानंतर कार्टून पाहणे सुखकर वाटते.

प्रौढ विषयांवरील ॲनिमेशन

इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) हा चित्रपट युद्धकाळात अनाथ झालेल्या भावंडांची शोकांतिका सांगतो. ‘पर्सेपोलिस’ (२००७) आणि ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) यांत अनुक्रमे इराणमधील क्रांती आणि लेबनॉनमधील युद्धाच्या स्मृती आहेत.

मुंबईच्या गीतांजली राव यांचे काम याच परंपरेतील आहे. ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) या त्यांच्या लघुपटात एकाकी वृद्ध स्त्री काड्यापेट्यांवरील चित्रांच्या जगात रमते. कान चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला. मुंबईतील स्थलांतरितांचे जीवन रंगवणारा त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ २०१९ मध्ये व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. मराठीत ‘प्रभो शिवाजी राजा’ (२०१८) हा ॲनिमेशनपट आला, तर २०२५ मधील ‘महावतार नरसिंह’ या अश्विनकुमार दिग्दर्शित चित्रपटाने भारतीय ॲनिमेशनपटांमध्ये सर्वाधिक उत्पन्न मिळवले. इतके उत्पन्न केवळ बालप्रेक्षकांच्या बळावर मिळणे संभवत नाही.

जपानी ॲनिमेशनचा तरुण प्रेक्षकवर्गही वाढला आहे. माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात प्रदर्शित व्हावा यासाठी चाहत्यांनी ऑनलाइन याचिका केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो येथील चित्रपटगृहांत आला.

आक्षेप आणि वर्गीकरण

प्रौढांनी कार्टून पाहणे हे जबाबदारीपासून पळ काढणे होय, असा आक्षेप घेतला जातो. हाच आक्षेप पूर्वी कादंबरी आणि सिनेमावरही घेतला गेला होता. त्याउलट अधिक गंभीर अडचण दुसऱ्या बाजूची आहे. सर्व कार्टून मुलांसाठी असतात असे गृहीत धरून पालक हिंसक किंवा प्रौढ आशयाची मालिका मुलांसमोर निर्धास्तपणे लावतात.

चित्रपट परिनिरीक्षणाच्या २०२४ च्या नियमांत ‘यूए’ या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन उपवर्ग करण्यात आले. हे वर्गीकरण आशयावर आधारित आहे. चित्रपट छायाचित्रित आहे की रेखाटलेला, यावरून त्याचे वय ठरत नाही. कार्टून कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेने शोधावे लागते.