कांतीच्या गोळ्या : घेण्याआधी आकडा वाचा

लग्नसराईत आमच्या दुकानी येणाऱ्या भगिनी हल्ली कापडाबरोबर चेहरा तजेलदार करणाऱ्या गोळ्यांचेही भाव एकमेकींना सांगतात. ताका घेताना आम्ही सूत, पन्हा, किनार सारे पाहतो; गोळ्यांची डबी मात्र वरचे चित्र पाहून घेतली जाते.

त्वचा घट्ट ठेवणारे कोलॅजन शरीर स्वतःच तयार करते. त्याला प्रथिने आणि ‘क’ जीवनसत्त्व लागते. स्त्रीला रोज सुमारे ६५ मिलिग्रॅम ‘क’ पुरते; १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. जादा झालेले लघवीवाटे जाते, म्हणजे पैसा मोरीत!

‘अ’ जीवनसत्त्वाचा हिशेब निराळा. ते यकृतात साठते. गरोदरपणी गोळ्यांतून रेटिनॉल रोज ३,००० मायक्रोग्रॅमहून अधिक गेले, तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. आणि सुरुवातीचे काही आठवडे दिवस गेल्याचे कळतही नाही. नव्या सुनेला अशी डबी आणून देणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा. गाजर-पालकात हा धोका नाही.

चेहरा फिकट वाटत असेल तर प्रथम हिमोग्लोबिन तपासावे. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही. आमच्या घरी मात्र तो अजून सुटलेला नाही.