कॅसिनोतली तीन पत्ती : हिशेब काय सांगतो?

तीन पत्ती ठाऊक नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. गोव्याच्या सहलीला गेलेला आपला एखादा तरुण मांडवी नदीवरच्या कॅसिनोची पाटी पाहतो आणि मनात म्हणतो, ‘हा तर आपलाच खेळ!’ जगभरच्या कॅसिनोंत ‘थ्री कार्ड पोकर’ या नावाने खेळला जाणारा डाव आपल्या तीन पत्तीसारखा दिसतो खरा, पण त्याचे नियम निराळे आहेत. ते आधी समजून घेतलेले बरे.

ब्रिटनमध्ये ‘ब्रॅग’ नावाचा तीन पत्त्यांचा जुना खेळ आहे. आपली तीन पत्ती त्याच कुळातली. थ्री कार्ड पोकर मात्र डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने १९९४ साली तयार केला.

आपल्या खेळात माणसे एकमेकांविरुद्ध बसतात. हातात काही नसतानाही मोठी चाल करून समोरच्याला घाबरवता येते. इथे मात्र प्रत्येकाची गाठ एकट्या डीलरशी, आणि डीलर घाबरत नाही. तो नियमाने बांधलेला असतो.

आधी आपल्या ‘बूट’सारखी रक्कम लावायची, तिला ‘अ‍ॅन्टी’ म्हणतात. मग तीन पत्ते मिळतात. ते पाहून एक तर पत्ते टाकायचे आणि अ‍ॅन्टी गमवायची, नाही तर तेवढीच दुसरी रक्कम ‘प्ले’ म्हणून लावायची. त्यानंतर डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून वरचे काही हवे. ते नसेल तर अ‍ॅन्टीवर तेवढेच पैसे मिळतात आणि प्लेची रक्कम नुसती परत येते. असेल आणि तुमचे पत्ते सरस ठरले, तर दोन्हींवर तेवढेच पैसे मिळतात. कमी पडले तर दोन्ही रकमा जातात. बरोबरी झाल्यास दोन्ही परत.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे ट्रेल, म्हणजे एकाच किमतीचे तीन पत्ते, सर्वांत वर. तिथे एकाच रंगाचा पक्का सिक्वेन्स ट्रेलच्या वर असतो. कारण सरळ आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यांत ट्रेल ५२ आणि पक्के सिक्वेन्स ४८. जे दुर्मीळ, ते वरचे.

मग कॅसिनोचा फायदा कुठून येतो? तुम्हाला निर्णय आधी घ्यावा लागतो. तुम्ही पत्ते टाकलेत आणि मागाहून डीलरकडेही काहीच निघाले नाही, तरी तुमची अ‍ॅन्टी गेलेलीच असते. जाणकारांचा हिशेब असा, की राणी-सहा-चार किंवा त्याहून चांगले पत्ते असतील तरच पुढे जावे. इतके शिस्तीत खेळूनही अ‍ॅन्टीच्या दर १०० रुपयांमागे सरासरी सुमारे ३ रुपये ३७ पैसे कॅसिनोच्या खिशात जातात.

त्याच टेबलावर ‘पेअर प्लस’ नावाची वेगळी पैज असते. तिच्यात डीलरशी संबंध नाही. जोडी किंवा त्याहून चांगला हात आला की पैसे. जुना तक्ता असा: जोडीला १ पट, कलरला ४, साध्या सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, पक्क्या सिक्वेन्सला ४० पट.

आता वही-पेन्सिल घ्या. सर्व २२,१०० हातांवर प्रत्येकी १ रुपया लावला असे धरू. १६,४४० हातांत काहीच नसते. तितके रुपये गेले. जोड्या ३,७४४, कलर १,०९६, साधे सिक्वेन्स ७२०. या सर्वांचे आणि वरच्या दोन हातांचे मिळून १५,९२८ रुपये आले. तूट ५१२ रुपयांची, म्हणजे शेकडा २.३२.

पुष्कळ ठिकाणी त्याच तक्त्यात कलरला ४ ऐवजी ३ छापलेले असते. हा एक आकडा बदलला की १,०९६ रुपये कमी येतात. तूट १,६०८ रुपये, म्हणजे शेकडा ७.२८ होते, तिपटीहून जास्त! पत्ते तेच, नशीबही तेच.

विशेष म्हणजे याच डेरेक वेब यांनी पुढे ब्रिटनमधील बेटिंग दुकानांतल्या यंत्रांविरुद्ध मोहीम उभी केली आणि तिला स्वतःचा पैसा दिला. त्या यंत्रांवर एका खेळीत १०० पौंडांपर्यंत लावता येत असे. एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा २ पौंडांवर आली. आकड्यांचा खेळ ज्याने स्वतः मांडला, त्याला यंत्राचा आकडा किती घरे पोखरतो हे बरोबर कळले.

माता-भगिनींनी आणि पालकांनी एक करावे. रविवारी मुलांना घेऊन कॅट पिसावा आणि पैसे न लावता तीन-तीन पत्त्यांचे शंभर हात वाटून कागदावर नोंद ठेवावी. जोड्या साधारण १७ निघतील आणि ७४ च्या आसपास हात रिकामे जातील. ‘आता तरी येईल’ म्हणून महिन्याचा पगार टेबलावर ठेवण्याआधी तो कागद मुलाच्या डोळ्यांपुढे असलेला बरा.