कवितेच्या तासाला दोन मिनिटं शांतता

दहावीतल्या मुलाला ‘कुमारभारती’तल्या एखाद्या कवितेबद्दल विचारून पाहा. मध्यवर्ती कल्पना, रसग्रहण, कवीचा संदेश सगळं घडाघडा म्हणून दाखवील. “पण तुला त्यातलं काय आवडलं?” असं विचारलं, की गप्प! गाइड पाठ झालेलं असतं. कविता वाचायची तेवढी राहून जाते.

अमेरिकेत काही भाषाशिक्षक यावर ‘माइंडफुलनेस’चा उपाय करतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी असा वर्ग सुरू केला आणि पुढे ही पद्धत शाळांतही शिरली. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांजवळ अवधानच तर मागतात!

वर्गात करायचं ते अगदी साधं. पुस्तकं मिटायची, पाय जमिनीवर टेकवायचे, नजर खाली. दोन मिनिटं नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन डब्याकडे, क्रिकेटकडे धावणारच. ते कळलं, की रागावता परत आणायचं नाही, हळूच आणायचं. मग बाईंनी कविता सावकाश वाचावी, अर्थ मुळीच सांगू नये. ज्या शब्दापाशी मन थबकलं, तो प्रत्येकाने वहीत लिहावा. पुन्हा एकदा वाचन, आणि मगच चर्चा.

पण सक्ती नको बरं का! ब्रिटनमध्ये ८ हजारांवर मुलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. माइंडफुलनेसचे वेगळे धडे दिलेल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य इतरांपेक्षा सुधारलं नव्हतं. तेव्हा मुलांची चिंता घालवणारं हे औषध नव्हे. घरी दुःख झालेल्या एखाद्या मुलीला शांततेत नेमकं तेच आठवून रडू येईल. तिने डोळे उघडे ठेवले, खिडकीबाहेर पाहिलं, तरी चालू द्यावं. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ अशी शिक्षा याला करू नये आणि याचे गुणही देऊ नयेत.

घरीही करून पाहा. रात्री भांडी आवरली, की टीव्ही बंद करून मुलीला पुस्तकातली एक कविता मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही नुसतं ऐका. मग आपापला एकेक शब्द एकमेकींना सांगा. प्रश्नोत्तरं उद्या सकाळी!