घरपट्टीची आकारणी : भाडेमूल्याकडून भांडवली मूल्याकडे
(मुंबई व पुणे महानगरपालिकांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ४९ व्या नोंदीनुसार जमीन व इमारतींवरील कर हा राज्याचा विषय आहे. राज्याच्या कायद्यान्वये तो स्थानिक संस्था वसूल करतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईतील जकात संपुष्टात आली. त्यानंतर मालमत्ता कराचे महत्त्व अधिकच वाढले. तथापि, घरपट्टीची रक्कम कशी निश्चित होते, याविषयी सुशिक्षित घरमालकही बहुधा अनभिज्ञ असतो. प्रस्तुत लेखात आकारणीच्या दोन पद्धतींचे विवेचन केले आहे.

१. वार्षिक भाडेमूल्य पद्धती :
घर भाड्याने दिल्यास वर्षाकाठी वाजवीपणे किती भाडे मिळू शकेल, हा या पद्धतीचा पाया होय. या रकमेतून दुरुस्तीपोटी १० टक्के वजावट केली की करयोग्य मूल्य मिळते. उदाहरणार्थ, वार्षिक भाडेमूल्य ६०,००० रुपये मानल्यास करयोग्य मूल्य ५४,००० रुपये होते. सर्वसाधारण करासह सर्व करांचा एकत्रित दर ४० टक्के गृहीत धरल्यास घरपट्टी २१,६०० रुपये होईल.

येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्यास भाडे मिळत नाही. कर मात्र काल्पनिक भाड्यावर द्यावा लागतो. पुण्यात अशा घरमालकांना १९७० पासून भाडेमूल्यात ४० टक्के सवलत होती. मध्यंतरी ती बंद झाली व २०२३ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली. वरील उदाहरणात ही सवलत दिल्यास भाडेमूल्य ३६,००० व करयोग्य मूल्य ३२,४०० रुपये होऊन घरपट्टी १२,९६० रुपयांवर येते.

या पद्धतीचा दुसरा दोष मुंबईत प्रकर्षाने दिसला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती आणि करनिर्धारणासाठी प्रमाण भाड्याची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलत राय कपूर खटल्यात स्पष्ट केले. परिणामी जुन्या इमारतींचा कर अल्प राहिला व नव्या घरांवरील भार तुलनेने वाढला.

२. भांडवली मूल्य पद्धती :
ही विषमता दूर करण्याच्या हेतूने मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धती लागू झाली. शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातील, म्हणजेच रेडी रेकनरमधील, दरास क्षेत्रफळाने गुणले जाते. त्या गुणाकारास वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय व मजला यांचे भारांक लावले जातात. समजा, दर चौरस मीटरला १,००,००० रुपये, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर व भारांकांचा गुणाकार ०.४ असल्यास भांडवली मूल्य २४,००,००० रुपये येते. ०.५ टक्के दराने कर १२,००० रुपये होईल. (दोन्ही उदाहरणांतील आकडे केवळ स्पष्टीकरणार्थ आहेत.)

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. परिसरातील जमिनीचे दर वाढले म्हणून निवृत्तिवेतनधारकाचे उत्पन्न वाढत नाही. भूखंडाच्या भावी बांधकामक्षमतेवर मूल्य ठरविणारे नियम २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले व २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मालमत्तेची विद्यमान स्थिती हाच आकारणीचा आधार असला पाहिजे, हे त्यातून अधोरेखित झाले. तसेच १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ करण्यात आला. लहान घरांना दिलासा मिळाला. परंतु करपाया आकुंचित झाला.

समारोप :
भाडेमूल्य पद्धतीत भाड्याचा अंदाज, तर भांडवली मूल्य पद्धतीत शासकीय दरतक्ता निर्णायक ठरतो. घरमालकाची प्रत्यक्ष करदानक्षमता दोन्हींपैकी कोणतीही पद्धत थेट मोजत नाही. म्हणूनच देयकावरील क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष व लागू सवलत या नोंदी तपासणे आणि त्रुटी आढळल्यास विहित मुदतीत हरकत नोंदविणे, हाच करदात्याच्या हाती असलेला परिणामकारक उपाय होय.