काल्पनिक जगाच्या सैन्यसंख्येचा अंदाज

काल्पनिक जगाच्या सैन्यसंख्येचा अंदाज म्हणजे विज्ञानकथेवर आधारित भूमिकाखेळांत एखाद्या ग्रहाची लोकसंख्या, उत्पन्न, तंत्रज्ञान आणि राज्यव्यवस्था यांवरून त्याच्या सैन्याचा संभाव्य आकार ठरविण्याची पद्धत होय. भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि खेळाचा संचालक त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो. या जगातील फौजा विश्वसनीय वाटाव्यात, हा अशा अंदाजाचा हेतू असतो. ऐतिहासिक साधनांतील सैन्याचे आकडे तपासतानाही बव्हंशी हेच प्रश्न विचारावे लागतात.

पार्श्वभूमी

या प्रकारच्या खेळांपैकी 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ साली अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने प्रकाशित केला. त्याचे रचनाकार मार्क मिलर होत. या खेळात प्रत्येक ग्रहाचे वर्णन अंक व अक्षरांच्या एका छोट्या ओळीत केले जाते. अंतराळबंदराचा दर्जा, ग्रहाचा आकार, वातावरण, पाण्याचे प्रमाण, लोकसंख्या, शासनप्रकार, कायद्याची कठोरता आणि तंत्रज्ञानाची पातळी या बाबी तीत येतात. सैन्याचा आकडा मात्र या ओळीत नसतो. तो इतर बाबींवरून काढावा लागतो.

लोकसंख्येचा अंक दहाचा घातांक असतो. अंक ५ असल्यास लोकसंख्या लाखांत, तर ६ असल्यास ती दहा लाखांच्या पटीत असते. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहर हा एक स्वतंत्र ग्रह मानल्यास त्याचा अंक ५ येईल. २००१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५.२० लाख, तर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८.०९ लाख होती. दहा वर्षांत लोकसंख्या दीडपटीहून अधिक वाढली, तरी अंक तोच राहतो. त्यामुळे केवळ या अंकावरून काढलेल्या अंदाजात मोठी तफावत पडू शकते.

लोकसंख्येतील प्रमाण

पहिली पायरी म्हणजे लोकसंख्येचा किती भाग शस्त्र धारण करतो, हे ठरविणे. त्यासाठी प्रत्यक्ष राज्यांची उदाहरणे उपयोगी पडतात.

• आजच्या भारताची लोकसंख्या सुमारे १४० कोटी व खडे सैन्य सुमारे १४ लाख आहे. हे प्रमाण ०.१ टक्का होते.
• दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे २५ लाख सैनिक भरती झाले. १९४१ साली लोकसंख्या ३८ कोटींहून अधिक असल्याने हे प्रमाण सुमारे ०.६ टक्का भरते.
• १७४० च्या सुमारास प्रशियाची लोकसंख्या सुमारे २२ लाख आणि सैन्य सुमारे ८०,००० होते, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक.
• १९४५ साली अमेरिकेच्या सुमारे १४ कोटी लोकसंख्येपैकी जवळपास १.२ कोटी लोक सैन्यात होते. हे प्रमाण आठ टक्क्यांच्या पुढे जाते, परंतु ते मोठ्या औद्योगिक देशाने सर्वंकष युद्धाच्या काळात गाठलेले आहे.

मीरा-भाईंदरच्या २०११ मधील लोकसंख्येला हीच प्रमाणे लावल्यास ०.१ टक्क्याने सुमारे ८०० सैनिक, १ टक्क्याने सुमारे ८,१०० आणि ५ टक्क्यांनी सुमारे ४०,५०० सैनिक मिळतात. एकाच लोकसंख्येतून पन्नासपट अंतराचे आकडे निघतात. म्हणून लोकसंख्या सैन्याची केवळ कमाल मर्यादा दाखविते. प्रत्यक्ष संख्या अन्य कारणांनी ठरते.

लढणारे व न लढणारे

सैन्याचा एकूण आकडा आणि प्रत्यक्ष लढणाऱ्यांचा आकडा भिन्न असतो. कृष्णाजी अनंत सभासद यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. तीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि त्यांच्यासोबत पाणी पुरविणारा एक पखालजी व घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद असे. पाच हवालदारांवर एक जुमलेदार नेमलेला असे. याचा अर्थ १२५ बारगिरांच्या जुमल्यामागे पखालजी व नालबंद मिळून दहा माणसे केवळ पाणी व नाल यांसाठीच लागत.

पुढील काळात फौजेबरोबर जाणाऱ्या बाजारबुणग्यांची संख्या फार वाढली. १७६१ च्या पानिपतच्या मोहिमेत मराठ्यांच्या छावणीत न लढणारे लोक मोठ्या संख्येने होते आणि अन्नधान्याची टंचाई अधिक तीव्र होण्यास ते एक कारण ठरले. काल्पनिक जगातही तंत्रज्ञान वाढते तसे दुरुस्ती, इंधन, दळणवळण व वैद्यकीय सेवेतील मनुष्यबळ वाढते आणि लढणाऱ्यांचा वाटा घटतो.

खर्चाची कसोटी

माणसे उपलब्ध असली तरी त्यांना पोसण्याची ऐपत असावी लागते. 'ट्रॅव्हलर'च्या १९८१ मधील 'ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन' या पूरक पुस्तकात ग्रहाच्या आरमाराचा वार्षिक खर्च दरडोई ५०० क्रेडिट धरून हिशोबाला आरंभ केला आहे. क्रेडिट हे त्या खेळातील चलन होय. या दराने ८.०९ लाख लोकसंख्येच्या ग्रहाला वर्षाकाठी सुमारे ४० कोटी क्रेडिट मिळतील. खेळातील सर्वांत लहान टेहळणी जहाजाची किंमत सुमारे २.९ कोटी क्रेडिट असते. सारा पैसा खरेदीवरच घातला, तरी वर्षाला अशी तेरा-चौदा जहाजेच येतील आणि खलाशांच्या वेतनासाठी किंवा देखभालीसाठी काही उरणार नाही. तेव्हा अशा ग्रहाला युद्धनौकांचा ताफा बहाल करणारी कथा हिशोबात टिकत नाही.

बाहेरून येणारी फौज

एखाद्या ठिकाणी असलेले सैन्य तेथील लोकसंख्येतूनच आलेले असते, असे नाही. मीरा-भाईंदरच्या हद्दीत वसईच्या खाडीलगत घोडबंदरचा किल्ला आहे, तर भाईंदरच्या चौक परिसरात मुंबईतील धारावीहून वेगळा असलेला धारावी किल्ला आहे. चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली १७३७ ते १७३९ या काळात झालेल्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीज व मराठे या दोन्ही ठाण्यांसाठी लढले. तेथे किती शिबंदी ठेवायची, हे आसपासच्या गावांच्या लोकसंख्येवर नव्हे, तर खाडीवरील मोक्याच्या जागेवर आणि दूरच्या सत्तांच्या गरजेवर अवलंबून होते.

आज या शहराला स्वतःचे सैन्य नाही. त्याच्या संरक्षणाचा भार देशाच्या सैन्यावर आहे. अंतर्गत सुव्यवस्थेसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय कार्यरत आहे. खेळातील साम्राज्याच्या अधीन ग्रहालाही हेच लागू पडते. अशा ग्रहाचे स्थानिक दल, पोलीस आणि साम्राज्याची तेथे तैनात असलेली फौज हे तीन आकडे स्वतंत्रपणे काढावे लागतात. एकत्र केल्यास एकच माणूस दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो.

मर्यादा

ही पद्धत निश्चित संख्या देत नाही. ती अशक्य आकडे वगळते. युद्धाचा कालावधी, राखीव दले, भाडोत्री सैनिक आणि यंत्रमानवांचा वापर यांमुळे अंदाज बदलतो. कमी लोकसंख्येचा श्रीमंत ग्रह बाहेरून सैनिक आणू शकतो, तर दाट लोकसंख्येच्या गरीब ग्रहाला आपल्या माणसांना शस्त्रे पुरविता येत नाहीत. म्हणून सैन्याचा आकडा खेळातील असो वा बखरीतील, त्यात लढणारे किती, त्यांचा खर्च कोण करते आणि ते कोठून आले, या तीन प्रश्नांवर तो तपासून पाहावा लागतो.