इलकलमधले साडेतीन तास

मोटारसायकलच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरला आपल्याकडे सगळे ‘शॉकअप’ म्हणतात. तो धड असेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही. मला झाली ती २०२३ च्या डिसेंबरात, बेळगावपासून दोनशेएक किलोमीटरवर, मागे सौ. बसलेली असताना.

आम्ही मुदगलला निघालो होतो, तिच्या सोदरमामांकडे. आमचं लग्न मामांना पसंत नव्हतं. मुलगा मराठी, त्यात पगार बेताचा. एकोणीस वर्षं त्यांनी माझ्याशी शब्द बोलला नव्हता. आता दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना ऑपरेशनसाठी रायचूरला नेणार होते आणि त्यांनी निरोप धाडला होता, ‘जावयाला घेऊन ये.’ सौ. म्हणाली बसनं जाऊ. मी म्हटलं, दोन-तीन ठिकाणी बस बदलत बसण्यापेक्षा आपली गाडी बरी. पंधरा दिवसांपूर्वी डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ मी पाहिला होता. फडक्यानं पुसला आणि विसरलो. हे मात्र तिला सांगितलं नव्हतं.

नेसरगी, यरगट्टी, लोकापूर, बागलकोट असं सगळं ठीक गेलं. अमिनगडला करदंट घेतला. पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि मग ती थांबेचना, म्हणजे उड्या मारायची थांबेना. “अहो, गाडी नाचतेय,” मागून आवाज आला. वळणावर मागचं चाक डुलत होतं. तीसच्या वर वेग न नेता कसेबसे साडेबाराच्या सुमारास इलकलला पोचलो.

हायवेजवळच्या गॅरेजातला मिस्त्री पंचविशीचा असेल. त्यानं काही न विचारता सीटवर दोन्ही हात ठेवून जोरात दाब दिला आणि सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन बसते. आमची तीनदा खालीवर झाली. “शॉक होगैत्री, सर.”

मी इतकी वर्षं समजत होतो की सगळं काम स्प्रिंगच करते. स्प्रिंग फक्त वजन पेलते. तिची उसळी आवरतं ते आतल्या नळीतलं तेल. दट्ट्याच्या बारीक भोकांतून ते हळूहळूच जाऊ शकतं, म्हणून गाडी झुलत राहत नाही. दट्ट्याच्या दांड्यावरचं सील फाटलं की तेल बाहेर येतं आणि उरते नुसती स्प्रिंग. त्यानं मला खाली वाकवून चाकाची रिम दाखवली. तेल तिथपर्यंत उतरलं होतं. आणखी थोडं टायरवर गेलं असतं तर वळणावर आम्ही दोघं रस्त्यावर असतो. हे त्यानं कन्नडमध्ये सांगितलं आणि सौ.ने ते सगळं नीट ऐकलं. माझं कन्नड बाजारापुरतं असलं तरी तिच्या चेहऱ्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मी म्हटलं, डावाच गेलाय, तेवढाच बदल. “एरडू हाकबेक्री.” एक नवा ताठ आणि एक जुना मऊ झाला की चाक धरणाऱ्या दांड्याला पीळ बसतो, गाडी एका अंगाला ओढते. पैसे वाढवायला सांगतोय असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू! पण त्याच्याकडे होती ती जोडी त्यानंच नाकारली. जुन्याच्या वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत सुतळी धरली आणि नव्याला लावली. नवा बोटभर लांब निघाला. लांब शॉकअप घातला तर मागची बाजू उचलते, चेनचा ताणही बदलतो. पोराला गावातल्या दुसऱ्या दुकानात पिटाळलं. ते दुकान जेवणासाठी बंद.

“तू बसनं पुढे हो, मी मागून येतो,” मी सौ.ला म्हणालो. “मामांनी तुम्हाला बोलावलंय,” एवढंच म्हणून ती शेजारच्या घरात गेली. तिथं हातमाग चालला होता. आपण ज्याला इरकल म्हणतो ते हेच इलकल. अंगाचे सुती ताणे आणि पदराचे रेशमी ताणे वेगळे, दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडतात. त्याला तिथं ‘कोंडी’ म्हणतात. सौ.च्या आईची सगळी लुगडी तसली. पण तो जोड बसवताना तिनं पहिल्यांदाच पाहिला. तासभर बाहेर आली नाही. (माझ्याशी बोलायचं नव्हतं हेही कारण असेल.)

तीनच्या सुमारास जोडी आली. गाडी डबल स्टँडवर घेतली. दोन्ही बाजू एकदम खोलायच्या नाहीत, एक बसला की मग दुसरा, म्हणजे चाक जागचं हलत नाही. डावा दहा मिनिटांत झाला. उजव्याचा खालचा नट गंजलेला, त्यात सायलेन्सर आडवा. रॉकेल सोडलं, सायलेन्सर ढिला केला, पान्याला पाइप लावून त्यानं जोर दिला तेव्हा नट कुरकुरत सुटला. रबरी बुश नीट बसलेत ना पाहिलं, आम्हा दोघांचं वजन विचारून स्प्रिंगची खाच एकेक घर वर केली, गाडी स्टँडवरून उतरवून नट शेवटचे आवळले. रिम आणि टायर साबणानं धुतला. जोडीचे अठराशे, मजुरी दोनशे. जुने दोन्ही मी पिशवीत घालून घेतले, का ते माहीत नाही.

“सावकाश होग्री,” तो म्हणाला. चार वाजले होते.

मुदगलच्या किल्ल्याची तटबंदी दिसली तेव्हा ऊन उतरलं होतं. मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते. जन्म सरकारी बस चालवण्यात गेलेला. भाचीनं उशिराचं कारण सांगितलं. ते काठी टेकत खाली उतरले, गाडीजवळ आले आणि सीटवर एक हात दाबून सोडला. गाडी एकदाच वर आली.

“एरडू हाकीरे?” त्यांनी मला विचारलं.

“हूंरी मामा, एरडू.”

“मग आत या,” ते मराठीत म्हणाले. सौ.ने कुंद्याचा डबा काढला. त्यांना गोड वर्ज्य होतं, तरी चमचाभर मागून घेतलाच.