वर्षाला एक कोटी ठोके कमी

पर्वतीच्या पायऱ्या निम्म्या झाल्या की छाती आवळून येते, दोन मिनिटं टेकलं की सुटते. साठीपलीकडच्या कितीतरी पुणेकरांना हे सवयीचं आहे. डॉक्टर याला स्टेबल अँजायना म्हणतात.

हृदय मिनिटाला पाच, म्हणजे दिवसाला 7,200 लिटर रक्त ढकलतं. वाघोलीतल्या सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर त्याला दीड दिवसही पुरायचा नाही. त्यातलं स्वतःच्या स्नायूसाठी ते ठेवतं जेमतेम पाच टक्के, मिनिटाला पाव लिटर. तेही तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्यांतून. चढ लागला की हीच गरज लिटरभर होऊ शकते. आणि इथला हिशेब क्रूर आहे: या वाहिन्या आतून अरुंद होऊन व्यास निम्मा झाला की त्याच दाबाला प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो. पुढच्या बारीक वाहिन्या सैल होऊन बसल्याजागी ही तूट भरून काढतात, म्हणून सत्तर टक्के ब्लॉकेजवालाही घरात पेपर वाचताना ठणठणीत असतो, आणि पायऱ्यांवर मात्र त्याची छाती आवळते.

पण 'सत्तर टक्के' ऐकलं की घरदार हादरतं, उद्याच स्टेंट टाका म्हणतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात 37 देशांतले 5,179 रुग्ण होते, भारतातलेही. निम्म्यांना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, उरलेल्यांना आधी नुसती औषधं. तीनेक वर्षांनी दोन्हीकडच्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता. ज्यांना वारंवार दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासनं जास्त आराम पडला, हेही खरं. डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा असलेल्यांना मात्र यात घेतलं नव्हतं. त्यांची गोष्ट वेगळी.

या औषधांपैकी मला थक्क करते ती बीटा ब्लॉकरची चिमुकली गोळी. ठोके 80 वरून 60 वर आले, तर दिवसाला 28,800 आणि वर्षाला एक कोटी पाच लाख ठोके वाचतात. शिवाय हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, आणि तो विसावाच लांबतो. छातीतलं दुखणं कमी होतं ते यामुळे. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनचं काम निराळं: एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे 39 मिलिग्रॅमनं उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक असे झटके साधारण पाचव्या हिश्शानं घटतात. 'आता बरं वाटतंय' म्हणून कुणी या गोळ्या परस्पर बंद केल्या की जीव तुटतो.

दुखणं आधीपेक्षा कमी श्रमात किंवा बसल्याजागी येऊ लागलं, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवूनही पाच मिनिटांत थांबेना, तर ते 'स्टेबल' राहिलेलं नाही. तेव्हा रिक्षा शोधत बसू नये, 108 ला फोन करावा.